बलूनला टांगलेल्या स्टीलच्या नळ्या आणि ४१ किलोमीटरवरचे जिवाणू

२००९ च्या मार्चमध्ये इस्रोने पत्रक काढलं की बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरून आणलेल्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्यात, आणि मग काय, जिकडेतिकडे ‘परग्रहावरचे जीव सापडले’ सुरू झालं. पत्रकात तसं कुठेही म्हटलेलं नव्हतं, उलट हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं या प्रयोगातून ठामपणे सिद्ध होत नाही हे त्यातच लिहिलं होतं, पण ते होतं शेवटाकडे आणि तिथपर्यंत वाचतंय कोण. मला विचाराल तर त्या एलियनपेक्षा तो बलूनच जास्त भारी आहे. रॉकेटं उडवणाऱ्या संस्थेला फुगा कशाला लागला, तो हैदराबादहूनच का सोडला, आणि वरची हवा आणायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे बघायला गेलं तर गोष्ट सव्वादोनशे वर्षं मागे जाते.

सुरुवात फ्रान्समधे. १९ सप्टेंबर १७८३ ला व्हर्सायच्या राजवाड्यासमोर माँगोल्फिए बंधूंनी गरम हवेच्या फुग्याखाली टोपली बांधून त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवला. वरची हवा प्राण्यांना सोसते का हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. बदकाला उडायची सवय असते, कोंबडा पक्षी असूनही उंच जात नाही आणि मेंढी कायम जमिनीवरचीच, त्यामुळे निवड तशी डोकं लावूनच केलेली. तिघंही जिवंत उतरले, आणि दोन महिन्यांत, २१ नोव्हेंबरला, दोन माणसं पॅरिसवरून उडाली. १ डिसेंबरला जाक शार्ल हायड्रोजनच्या फुग्यातून बॅरोमीटर सोबत घेऊन वर गेला. म्हणजे जत्रेतला खेळ आणि प्रयोगाचं साधन ही फुग्याची दोन्ही रूपं एकाच वर्षातली.

पुढे जो तो जास्त उंच जायच्या मागे लागला. त्यातली ५ सप्टेंबर १८६२ ची इंग्लंडमधली सफर प्रसिद्ध आहे. जेम्स ग्लेशर हा हवामानाचा अभ्यासक आणि हेन्री कॉक्सवेल हा फुगेवाला वुल्व्हरहॅम्प्टनहून निघाले, सोबत सहा कबुतरं. तीन मैलांवर एक कबूतर सोडलं तर ते पंख पसरून कागदासारखं खाली गेलं, पुढचं एक गोल गोल फिरत कसंबसं उडालं, आणि चार मैलांच्या पुढे सोडलेलं सरळ दगडासारखं पडलं. मग ग्लेशरला बॅरोमीटरवरचे आकडे दिसेनात, हात हलेना, आणि तो बेशुद्ध झाला. गॅस सोडायची दोरी गुंतली होती, ती सोडवायला कॉक्सवेल वरच्या कडीवर चढला, पण थंडीने हात निकामी झालेले, शेवटी त्याने दोरी दातात धरून ओढली म्हणून दोघं वाचले. ग्लेशरचा दावा ३७,००० फुटांचा होता, आज अभ्यासक २९,००० च्या आसपास धरतात. तेही ऑक्सिजनशिवाय, साध्या कपड्यात, उघड्या टोपलीत! १८७५ मध्ये ‘झेनिथ’ नावाच्या फ्रेंच फुग्यातले तिघं मात्र इतके नशीबवान नव्हते. साडेआठ हजार मीटरच्या वर जाऊन फुगा परत आला तेव्हा सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली मेलेले होते, एकटा तिसांदिए वाचला.

त्यानंतर शहाणपण आलं आणि माणसाऐवजी नुसती यंत्रं पाठवायला लागले. पॅरिसजवळ त्राप इथे तेसराँ द बॉर या माणसाने स्वतःची वेधशाळा काढली आणि दोनशेच्या वर फुगे सोडले. साधारण ११ किलोमीटरच्या वर गेलं की तापमान घसरायचं थांबतं असं त्याला दिसत होतं, पण थर्मामीटरला ऊन लागून आकडा चुकत असेल ही शंका काही जाईना, म्हणून तो रात्री फुगे सोडायला लागला. तरी तेच. मग १९०२ मध्ये त्याने जाहीर केलं की वर हवेचा वेगळाच थर आहे, ज्याला आपण स्ट्रॅटोस्फिअर म्हणतो.

दहा वर्षांनी व्हिक्टर हेस. जमिनीवरच्या उपकरणांत विनाकारण विद्युतभार गळतोय, कारण जमिनीतल्या किरणोत्सारी द्रव्यांतून येणारी किरणं, असा तेव्हाचा समज. तसं असेल तर वर जाऊ तसं ते कमी व्हायला पाहिजे. एप्रिल १९१२ च्या सूर्यग्रहणात हेस वर गेला, सूर्य झाकला तरी फरक नाही, म्हणजे सूर्याकडून येत नसणार. ७ ऑगस्टला तो हायड्रोजनच्या फुग्यातून ५,३०० मीटरच्या वर गेला तर किरणं कमी व्हायच्या ऐवजी जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. काहीतरी बाहेरून येत होतं. याच कॉस्मिक किरणांसाठी त्याला १९३६ चं नोबेल मिळालं, आणि हाच धागा पुढे भारतात येतो.

होमी भाभा मूळचे कॉस्मिक किरणांचेच माणूस. १९३९ मध्ये सुट्टीवर भारतात आले, युद्ध पेटलं आणि इथेच राहिले. बंगळुरूला असताना त्यांनी युद्धासाठी आलेल्या अमेरिकन हवाई दलाच्या विमानातून मोजमापं केली, मग रबरी फुग्यांचे घोस सोडले. १९४५ मध्ये त्यांची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, सुरू झाली, तिथेही हे काम चालूच. ५० च्या दशकात पॉलिथिनचे मोठे बलून आले. अमेरिकेत १९४७ मध्ये पहिला प्लॅस्टिकचा उडाला होता, आपल्याकडे दहा वर्षांच्या आत संस्थेने स्वतः बनवायला घेतले. हैदराबादला उड्डाणं सुरू झाली ती उस्मानिया विद्यापीठाच्या आवारातून, आणि १९६९ पासून तिथे कायमचं केंद्र आहे.

हैदराबादच का, तर चुंबकीय विषुववृत्त जवळ. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेचे कॉस्मिक कण अडवून धरतं, फक्त दणकट कण आत येतात, त्यामुळे आभाळ किरणांच्या हिशोबाने ‘शांत’ असतं आणि क्ष-किरण दुर्बिणीसारखी नाजूक उपकरणं टांगायला बरं पडतं. पण याच जागेची एक भानगडही आहे. उष्ण कटिबंधात १६-१७ किलोमीटरवर हवा उणे ८० अंशांच्याही खाली जाते (उकाडा खाली आणि गारठा सगळा वर!), आणि त्या थंडीत प्लॅस्टिक कडकडीत होऊन फाटतं. थंड देशांसाठी बनवलेली फिल्म इथे टिकेना म्हणून टीआयएफआरच्या लोकांनी इथल्या हवेसाठी वेगळी फिल्म तयार केली. ही फिल्म किती जाड, तर भाजीच्या पिशवीसारखी, आणि तिच्यातून बनवायचा बलून पूर्ण फुगला की ५० ते ८५ मीटर रुंद. सोडताना तो बहुतेक रिकामाच असतो, वर थोडासा हायड्रोजन आणि खाली लांबलचक लोंबणारं प्लॅस्टिक. ४१ किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या अर्धा टक्कासुद्धा नसतो, तिथे तोच गॅस शेकडो पट फुगून बलून गच्च भरतो.

सोलापूर, लातूर, नांदेडकडच्या लोकांना या केंद्राची आठवण पेपरमधल्या निवेदनामुळे असेल. बलून रात्री आठ ते पहाटे साडेसहाच्या दरम्यान सोडतात, प्रयोग संपला की दोरी तोडून उपकरणं रंगीत पॅराशूटने खाली येतात, आणि वारा नेईल तसं हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरवर, विशाखापट्टण-हैदराबाद-सोलापूर या पट्ट्यात कुठेही पडतात. म्हणून हिवाळ्यात सांगतात की शेतात खोका पडलेला दिसला तर उघडू नका, खोक्यावरच्या पत्त्यावर किंवा पोलिसांना कळवा. हे ऐकायला गंमतीचं वाटतं पण खोका कुणी हौसेने उचकटला की वर्ष-दोन वर्षांचं काम गेलं. अॅस्ट्रोसॅट हा आपला खगोल उपग्रह २०१५ मध्ये गेला, त्यावरच्या टीआयएफआरने बनवलेल्या मोठ्या क्ष-किरण डिटेक्टरची चाचणीसुद्धा आधी बलूनवरच झाली होती.

आता जिवाणू. हवेत जीव असतात का, आणि किती उंचावर, हा प्रश्नही जुनाच. पाश्चर १८६० मध्ये आल्प्सच्या हिमनदीवर बंद काचपात्रं घेऊन गेला होता, तिथे उघडलेल्यांतली फार थोडी नासली, म्हणजे उंचावर जंतू कमी. १९३५ मध्ये अमेरिकेचा ‘एक्स्प्लोरर २’ बलून दोन माणसांना घेऊन २२ किलोमीटरवर गेला, त्याच्या सामानात जंतू धरायचं एक उपकरण होतं, त्यात ३६,००० फुटांच्या वरून जिवंत जिवाणू आणि बुरशी आल्या. सत्तरच्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी हवामानाच्या रॉकेटांतून ४८ ते ७७ किलोमीटरवरून नमुने आणले. त्यात काय मिळालं, तर इतर बुरशींबरोबर अॅस्परजिलस नायजर, म्हणजे आपल्या कांद्याच्या सालीखाली जी काळी भुकटी दिसते ना तीच! या सगळ्या प्रयोगांना एकच प्रश्न विचारला गेला आणि तो योग्यच होता: हे वरचं आहे की तुम्हीच खालून नेलंत?

जयंत नारळीकर या विषयात कसे आले हे समजायला अवघड नाही. कोल्हापूरचा जन्म, केंब्रिजला फ्रेड हॉयलचे विद्यार्थी, आणि जीवसृष्टीची बीजं अंतराळातून धूमकेतूंबरोबर येतात ही कल्पना हॉयल आणि चंद्रा विक्रमसिंघे वर्षानुवर्षं मांडत आले. बहुतेक शास्त्रज्ञ ती उडवून लावायचे. नारळीकरांचं म्हणणं सरळ होतं की उडवून लावण्यापेक्षा तपासून बघू, आणि त्यासाठी लागणारं यंत्र आपल्याकडे आधीच आहे. ओझोन आणि त्याचा नाश करणाऱ्या सीएफसी वायूंच्या अभ्यासासाठी इस्रोच्या लोकांनी क्रायोसॅम्पलर बनवला होता, तो असा: स्टीलच्या निर्वात नळ्या, त्या द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या. निऑन द्रवरूपात उणे २४६ अंशांच्या आसपास असतो, तिथे नायट्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही गोठतात. ठरल्या उंचीवर एका नळीची झडप उघडली की वरची विरळ हवा आत येऊन भिंतीला बर्फासारखी चिकटते, आत पुन्हा निर्वात होतं, आणखी हवा येते. पंप नको काही नको. नळी बंद, पुढच्या उंचीला पुढची.

जानेवारी २००१ मध्ये पहिलं उड्डाण झालं, नमुन्यांचा काही भाग ब्रिटनमध्ये कार्डिफला गेला आणि तिथे पेशी दिसल्याचं सांगितलं गेलं. टीका व्हायची ती झालीच. २० एप्रिल २००५ ला परत, या वेळी निर्जंतुकीकरणाचे नियम जास्त कडक. ४५९ किलोचं सामान, ३८ किलो निऑन, आणि बलून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा. (त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला विजयपत सिंघानिया मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवरून गरम हवेच्या फुग्यातून २१ किलोमीटरवर जाऊन सिन्नरजवळ पांचाळ्याला उतरले, तो विश्वविक्रम. पण त्यांची केबिन हवाबंद होती, ग्लेशरसारखी उघडी टोपली नव्हे.) नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस अशा दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळे तपासले, म्हणजे एकीकडे काही घाण शिरली तर दुसरीकडे लक्षात यावं. एकूण १२ जिवाणूंच्या आणि ६ बुरशीच्या वसाहती वाढल्या. नऊ जिवाणू ओळखीच्या जातींशी ९८ टक्क्यांहून जास्त जुळले, उरलेल्या तिघांना नवी नावं मिळाली: जॅनिबॅक्टर हॉयलाय, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय. अतिनील किरणांपुढे हे तिघं आपल्या भाऊबंदांपेक्षा जास्त टिकून राहत होते.

इथपर्यंत सगळं मान्य, भांडण पुढे. बाहेरून आले म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा की ४१ किलोमीटरवर हवा इतकी विरळ की जिवाणूएवढा कण तिथे तरंगत राहूच शकत नाही, पटापट खाली येतो, मग खालून वर चढेल कसा. मुद्दा चुकीचा नाही. ज्वालामुखी, विजेची क्षेत्रं वगैरे कारणं दिली जातात पण मोसमी ढगही १८ किलोमीटरच्या आसपास थांबतात. दुसरी बाजू म्हणते की तिघांचे नातेवाईक इथल्याच मातीत आहेत, परग्रहावरून आलेला जीव पृथ्वीवरच्या जंतूचा चुलतभाऊ निघेल का? मला ही दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते. त्यात पुढे आर्यभट्टाय पिकांच्या मुळांजवळच्या मातीत ठिकठिकाणी सापडायला लागला, आणि जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, वाचल्यावर काही संशोधकांनी मांडलं की ही वेगळी जातच नाही, जुना बॅसिलस मेगाटेरियमच आहे. इस्रोनेन्सिसचंही घराणं बदललं, त्याला आता सोलिबॅसिलसमध्ये घालतात.

नासाने मग उलट प्रयोग केला, खालचा जिवाणू वर नेऊन बघितला. यान जुळवण्याच्या स्वच्छ खोलीतही तग धरून राहिलेला एक चिवट बॅसिलस निवडला, त्याचे बीजाणू (जिवाणूचं जाड कवचातलं झोपलेलं रूप) २०१५ मध्ये न्यू मेक्सिकोहून बलूनला बांधून ३१ किलोमीटरवर उघड्या उन्हात ठेवले. आठ तासांत जवळपास सगळे मेले, लाखात एखादा उरला असेल नसेल. म्हणजे हैदराबादच्या नळ्यांतले जिवंत जंतू एकतर नुकतेच तिथे पोचलेले असणार, नाहीतर धुळीच्या गोळ्यात ऊन चुकवून बसलेले, नाहीतर बलूनच्याच अंगावरून झडलेले.