मापाची ऑर्थोसिस: फंक्शनल आणि अ‍ॅकोमोडेटिव्ह

बुटात घालायची ऑर्थोसिस, म्हणजे पायाला आधार देणारा आतला तळ, पायाचा ठसा घेऊन घडवली की ती एकाच जातीची, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक ठसा घेण्यापूर्वीच पोडियाट्रिस्टला, म्हणजे पायांच्या तज्ज्ञाला, ठरवावे लागते की या पायाची हालचाल सुधारायची आहे की त्याच्यावरचा दाब वाटून द्यायचा आहे. पहिल्यासाठी फंक्शनल ऑर्थोसिस असते, दुसऱ्यासाठी अ‍ॅकोमोडेटिव्ह.

फंक्शनल ऑर्थोसिसची पद्धत अमेरिकेत पोडियाट्रिस्ट मर्टन रूट यांनी रुजवली. रुग्णाला पालथे झोपवून, घोट्याखालचा सांधा मध्यस्थितीत धरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांनी ठसा घेतात. पायावर भार मुद्दामच येऊ देत नाहीत, कारण उभे राहिल्यावर दिसणारा कल साच्यात उतरला तर तो सुधारणार कसा? प्रयोगशाळेकडे जाणाऱ्या कागदावर पॉलिप्रॉपिलीन या कडक प्लास्टिकच्या कवचाची जाडी, टाचेच्या वाटीची खोली आणि टाचेखालच्या आधाराचा कोन लिहिलेला असतो. टाच आतल्या अंगाला फार कलत असेल, तर ठशात प्लास्टर ओतून केलेल्या पायाच्या प्रतिकृतीच्या टाचेवरील आतल्या बाजूचे प्लास्टर काही मिलिमीटर तासायला सांगतात, म्हणजे कवच तिथे उंच होते आणि टाचेला आतून रेटा मिळतो. रूट यांच्या मध्यस्थितीच्या सिद्धान्तावर पुढे बरीच टीका झाली. ठसा घेण्याची रीत मात्र टिकली.

मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला असे कडक कवच देणे धोक्याचे, कारण कड रुतली तरी रुग्णाला कळत नाही आणि जखम झाल्यावरच ध्यानात येते. म्हणून आधी मोनोफिलामेंटने, म्हणजे १० ग्रॅमच्या दाबाला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूने, संवेदना तपासतात. मग रुग्णाला खुर्चीत बसवून, पाय फोमच्या खोक्यात दाबून ठसा घेतात आणि प्लास्टाझोट, ईव्हीए अशा फोमच्या मऊ थरांची ऑर्थोसिस तळव्याला सर्वत्र टेकेल अशी घडवतात. चवड्याखाली घट्टा असेल तिथे खोलगट जागा ठेवतात. ही ऑर्थोसिस जाड असल्याने बूटही खोल लागतो, आणि मऊ थर दबून चपटे होत असल्याने ती वरचेवर तपासून बदलावी लागते. या विचाराचा भारताशी जवळचा संबंध आहे: वेल्लोर येथे कुष्ठरुग्णांवर उपचार करताना शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवले की बधिर पायावरचे व्रण रोगाने आपोआप होत नाहीत, तर एकाच जागी वारंवार पडणाऱ्या दाबाने होतात. आपल्याकडे मधुमेही रुग्णांना देतात त्या मायक्रोसेल्युलर रबरच्या चपलांमागेही हेच तत्त्व आहे.

साध्या टाचदुखीत मात्र तयार इनसोल आणि मापाची ऑर्थोसिस यांच्या गुणात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तिथे आधी स्वस्त इनसोल वापरून पाहण्याचा सल्ला मला अधिक प्रामाणिक वाटतो.