‘देव झेपेल तेवढंच दुःख देतो’ हे बायबलमध्ये नाही

कुणाचं मूल गेलं, कुणाला असाध्य आजार निघाला की सांत्वनाला आलेला कुणीतरी हमखास म्हणतो, ‘देव झेपेल तेवढंच देतो.’ मनात माया असते, पण हे बायबलचं वचन नाही.

हा समज बहुधा 1 करिंथ 10:13 वरून, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातल्या एका वचनावरून, आला असावा. देव तुमची शक्तीबाहेर परीक्षा होऊ देणार नाही, असं पौल तिथे लिहितो, हे खरं. पण त्याआधीच्या ओळी वाचून पाहा: मिसरमधून सुटून रानात भटकणारे इस्राएल लोक, मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर. विषय पापाच्या मोहाचा आहे. मोहातून बाहेर पडायची वाट देव ठेवतो, एवढंच आश्वासन तिथे आहे. दुःखाचं माप तिथे कुणी ठरवलेलं नाही.

उलट त्याच मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (1:8-9) पौल कबूल करतो की आशिया प्रांतातल्या संकटात तो शक्तीपलीकडे दबला गेला, जगण्याची आशाही सुटली. म्हणजे त्याला झेपलं नाही! आणि त्यातूनच तो स्वतःवर नाही, तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर विसंबायला शिकला, असं तोच सांगतो.

म्हणून हे वाक्य मला खुपतं. जो कोलमडलाय, त्याला वाटतं आपलाच विश्वास कमी पडला. बायबलमधलं स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, तरी ती प्रार्थनाच आहे. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशूचा जीव मरणप्राय खिन्न झाला होता, तेव्हा त्याने शिष्यांकडे एवढंच मागितलं: इथे थांबा, माझ्याबरोबर जागे राहा.