दशांश संख्या पूर्ण अचूकतेने छापणे

संगणकाच्या स्मृतीत असलेली अपूर्णांकी संख्या, तिच्यातले काहीही न गमावता, दशांश अंकांत लिहून दाखवण्याची क्रिया. ऐकायला किरकोळ वाटते. पण ‘पूर्ण’ म्हणजे नेमके किती अंक, याची दोन वेगवेगळी उत्तरे आहेत आणि बहुतेक गोंधळ ती एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

अशा संख्या साठवण्यासाठी आज जवळजवळ सर्वत्र पाळल्या जाणाऱ्या आयईईई ७५४ या मानकानुसार (१९८५) ‘डबल’ प्रकारची संख्या ६४ बिटांत बसते आणि तिचे सार्थ (म्हणजे अंकांची अचूकता ठरवणारे) बिट ५३ असतात. दशमान पद्धतीत एक तृतीयांश जसा आवर्ती, तसा संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत ०.१ आवर्ती. म्हणून त्याच्या जागी सर्वांत जवळची बसणारी संख्या ठेवली जाते : ३६०२८७९७०१८९६३९७ भागिले २ चा ५५ वा घात. ती दशांशात सबंध लिहिली तर अशी दिसते :

०.१००००००००००००००००५५५१११५१२३१२५७८२७०२११८१५८३४०४५४१०१५६२५

दशांश चिन्हापुढे बरोबर ५५ अंक, आणि तिथे संख्या संपते. १० मध्ये २ हा अवयव असल्याने छेदात २ चा घात असलेला कोणताही अपूर्णांक दशांशात कधी ना कधी संपतोच. उलट दिशेने ही हमी नाही. हे झाले पहिले उत्तर. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतला ‘डेसिमल’ किंवा जावा भाषेतला ‘बिगडेसिमल’ या दशांश संख्यांच्या प्रकारांना डबल दिला की हेच ५५ अंक मिळतात. मात्र सर्वांत लहान धन डबलसाठी असे १०७४ अंक लिहावे लागतील.

व्यवहारात हवे असते ते दुसरे उत्तर : छापलेले अंक पुन्हा वाचले की तीच संख्या, बिटाला बिट जुळून, परत मिळावी. त्यासाठी डबलला १७ सार्थ अंक (सुरुवातीची शून्ये सोडून मोजलेले) पुरतात, ३२ बिटांच्या ‘फ्लोट’ला ९. भाषा मात्र न सांगता इतके देत नाहीत. सी++ भाषेत छपाई करणारा ‘सीआउट’ मुळात ६ सार्थ अंकांवर थांबतो. तिथे अंकसंख्या ठरवणाऱ्या ‘सेटप्रिसिजन’ला १७ सांगावे लागतात. सी भाषेच्या ‘प्रिंटएफ’ या छपाईच्या आज्ञेत एक फसगत नेहमीची. तिच्यात छपाईची तऱ्हा सांगणारे ‘एफ’ हे अक्षर दशांश चिन्हापुढच्या जागा मोजते, सार्थ अंक नव्हे. संख्या फार लहान असली की १७ जागा मागूनही नुसती शून्ये हाती येतात. इथे ‘जी’ वापरावे.

अपुऱ्या अंकांनी काय होते, याचा गाजलेला दाखला १९६१ चा. हवामानाच्या गणितावर काम करणाऱ्या एडवर्ड लॉरेन्झ यांनी मधल्या टप्प्यापासून गणन पुन्हा सुरू करताना छापील कागदावरचा ०.५०६ हा आकडा भरला. यंत्राच्या स्मृतीत होते ०.५०६१२७. थोड्याच वेळात दोन्ही हवामानांचा एकमेकांशी संबंध उरला नाही.

१७ अंकांचा तोटा असा की ०.१ हा ०.१०००००००००००००००१ असा छापला जातो आणि नवखा प्रोग्रॅमर चूक शोधत बसतो. यावर उपाय म्हणजे तीच संख्या परत देणारे कमीत कमी अंक छापणे. स्टील आणि व्हाइट या संगणकशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये त्याची रीत मांडली. २०१८ मधली ‘र्यू’ ही पद्धत तेच काम फार वेगाने करते. पायथनने ३.१ या आवृत्तीपासून हा मार्ग धरला, म्हणून तिथे ०.१ हा ०.१ च दिसतो. ०.१ अधिक ०.२ मात्र ०.३०००००००००००००००४ असे येते. तो दोष छपाईचा नाही, बेरजेचे उत्तर खरोखरच ०.३ साठी साठवलेल्या संख्येहून वेगळे असते.