बडोद्यात पुराच्या पट्ट्यात घर घेताय? बानाखताआधीच जमवायची कागदपत्रं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. काळाघोड्याच्या पुलापाशी धोक्याची पातळी धरतात २५ फूट. तेव्हापासून समा, अकोटा, फतेगंज, मुजमहुडा, वडसर या बाजूंना घर बघणारे सगळे एकच कागद मागतात: "इथे पाणी येत नाही" असा सरकारी दाखला. तो तलाटी देत नाही, कॉर्पोरेशन देत नाही, कलेक्टर कचेरीही देत नाही, कारण असा दाखलाच अस्तित्वात नाही. कुणी एजंट पैसे घेऊन "काढून देतो" म्हणाला तर तिथूनच परत फिरा. दाखला नसला तरी त्याचं काम भागवणारे कागद आहेत. ते टोकन आणि बानाखत (खरेदीआधीचा विक्रीकरार, म्हणजे साठेखत) यांच्या आधी गोळा करायचे असतात, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच.

पात्रतेचं थोडक्यात. बिनशेती जमिनीवरचं घर किंवा फ्लॅट कोणीही भारतीय नागरिक घेऊ शकतो. पुण्या-मुंबईचं आधार कार्ड असलं तरी अडत नाही, गुजरातचा रहिवास दाखला लागत नाही. शेतजमीन मात्र खातेदार शेतकऱ्यालाच मिळते. त्यामुळे शहराबाहेरचा "एन.ए. होणारच आहे" असा प्लॉट बिगरशेतकऱ्याने घेऊ नये. सातबाऱ्यावर "नवी शरत" (विक्रीवर सरकारी अटी असलेली जमीन) असं लिहिलेलं दिसलं तर सरकारला प्रीमियम भरल्याचा हुकूम बघितल्याशिवाय पुढे बोलू नका.

पाण्याचा पुरावा कुठे सापडतो

झोन दाखल्यावर "रहेणांक" (निवासी) लिहिलंय म्हणजे जागा सुरक्षित, हा सर्रास गैरसमज आहे. त्या दाखल्यावरून फक्त जमिनीचा वापर कळतो. त्याच्या जोडीला पार्ट प्लॅन (विकास आराखड्यातला त्या भागाचा नकाशा) मागा. त्यात नदी, तलाव आणि कांस (पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला) दाखवलेली असते. बडोद्यात भुखी, रूपारेल आणि मसिया या कांसांनीही वस्त्या बुडवल्या आहेत, त्यामुळे "नदी लांब आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. बांधकाम नियमांप्रमाणे पूरसंरक्षणाचं काम झालेलं नसेल तिथे नदीकाठापासून ३० मीटर आणि तलाव, कालवा यांच्यापासून ९ मीटर सोडावे लागतात. फायनल प्लॉट नंबर (टी.पी. म्हणजे नगररचना स्कीममध्ये प्लॉटला मिळालेला नंबर) घेऊन पार्ट प्लॅनवर हे अंतर स्वतः मोजा.

अंतर कमी भरलं की विकणारा म्हणतो, "इम्पॅक्ट फी भरली आहे" (विनापरवाना बांधकाम नियमित करून घेण्याची फी). पावती दाखवतो, हुकूम दाखवत नाही. पावती म्हणजे अर्ज केल्याचा पुरावा, मंजुरीचा नव्हे. शिवाय पाण्याच्या नैसर्गिक प्रवाहात किंवा तलावाच्या पात्रात असलेलं बांधकाम इम्पॅक्ट फीच्या कायद्याखाली नियमित होतच नाही. मंजुरीचा हुकूम आणि सोबतचा नकाशा, दोन्ही हवेत.

२०२४ च्या पुरानंतर काठावरच्या बांधकामांना नोटिसा निघाल्या होत्या. तुमच्या प्लॉटवर निघाली होती का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. गुजरातमध्ये फी २० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत करा. मराठीतला अर्ज स्वीकारण्याचं बंधन इथल्या कचेरीवर नाही. खरा घोळ प्रश्नाच्या शब्दांत होतो. "हा भाग पूरग्रस्त आहे का?" असं विचारलंत की "माहिती रेकॉर्डवर नाही" असं एका ओळीचं उत्तर येतं, कारण तुम्ही मत मागितलेलं असतं. त्याऐवजी कागद मागा: अमुक टी.पी. स्कीम, अमुक फायनल प्लॉट, १ जुलै २०१९ पासून आजपर्यंत दबाण (अतिक्रमण) किंवा पाण्याचा निकाल (निचरा) याबद्दल काढलेल्या नोटिसांच्या प्रती. ऑगस्ट २०२४ च्या पूरसहाय्य सर्वेतली या सोसायटीची नोंद. २०१९ पासून अशासाठी, की त्या वर्षी ३१ जुलैला शहरात दिवसभरात साधारण २० इंच पाऊस पडला होता. नदीच्या पुरात न बुडालेल्या काही सोसायट्या नुसत्या पावसाने बुडतात.

सगळ्यात बोलका कागद मात्र सरकारी नाही. सोसायटीच्या खर्चाच्या वहीतलं सप्टेंबर २०२४ चं पान बघायला मागा. लिफ्टची मोटर, पाण्याचा पंप, खालची टाकी उपसून धुणं, मीटरच्या पेट्या बदलणं, एवढे खर्च एकाच महिन्यात एकाखाली एक दिसले तर पाणी कुठवर आलं ते वेगळं विचारायला नको. मग मीटररूममध्ये जा. नवा रंग सगळीकडे लावतात, पण पेटीच्या मागच्या भिंतीवर गाळाची रेघ राहून जाते. तळमजल्याच्या भिंतीला खालून तीन-चार फूट नवी टाइल लावलेली असेल तर टाइलच्या वरच्या कडेला लोणा लागलाय का बघा.

हे सगळं बानाखतात उतरवून घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न दिसणारा मोठा दोष सांगण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. "२०१९ आणि २०२४ मध्ये घरात पाणी शिरलं / शिरलं नाही, शिरलं असल्यास जमिनीपासून इतके इंच; पूरसहाय्य किंवा विम्याचे पैसे घेतले / घेतले नाहीत" असं कलम घाला. सही करताना विकणारा या ओळीवर अडला, तर उत्तर मिळालंच.

रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) आणि बी.यू. (इमारत वापरण्याची परवानगी)

बँकेतून फाइल परत येण्याचं हे नेहमीचं कारण. तळमजल्याचा फ्लॅट विकायला असतो आणि मंजूर नकाशात त्या जागी पार्किंग असतं. पाणीही आधी तिथेच भरतं, म्हणून हीच घरं विकायला निघतात आणि हीच स्वस्त दिसतात. रजाचिठ्ठीसोबतचा नकाशा आणि बी.यू. परवानगी समोर ठेवून खोल्या मोजा. बी.यू. एखाद्याच टॉवरची किंवा काही मजल्यांचीच असू शकते; वरचे शब्द नीट वाचा. नव्या स्कीमसाठी गुजरात रेराच्या साइटवर नोंदणी तपासा आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांवर रक्कम देऊ नका.

अशांत धारा: सगळ्यात जास्त अडकवणारी परवानगी

जुन्या शहराचा मोठा भाग आणि बाहेरच्याही काही सोसायट्या १९९१ च्या या कायद्याखाली, म्हणजे "अशांत" ठरवलेल्या भागांतल्या मालमत्ता व्यवहारांवर बंधनं घालणाऱ्या कायद्याखाली, आहेत. तिथे विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा, सगळ्याला कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. "घेणारा-देणारा दोघेही एकाच समाजाचे, मग आम्हाला कशाला?" हे रोज ऐकू येतं. लागते, कायदा भागाला लागू आहे. परवानगीशिवाय दस्तावेज (खरेदीखत) नोंदला जात नाही, आणि व्यवहार दामटलाच तर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार ३ ते ५ वर्षं कैदेची तरतूद आहे. सर्व्हे नंबर यादीत आहे का हे एजंटला नको, कचेरीत विचारा. रस्त्याच्या एका बाजूला लागू आणि दुसऱ्या बाजूला नाही, असंही असतं.

अर्जासोबत प्रॉपर्टी कार्ड, आधीचा दस्तावेज, बानाखत किंवा मसुदा, दोघांचे ओळखपत्र आणि "राजीखुशीने, वाजवी किमतीत" असं विकणाऱ्याचं सोगंदनामं (प्रतिज्ञापत्र) लागतं. मग मामलतदार आणि पोलीस यांचे अभिप्राय मागवले जातात, शेजाऱ्यांचे जबाब होतात. किती दिवस लागतील ते कुणी सांगत नाही, आणि तेवढ्यात बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपते. म्हणून बानाखतात दोन वाक्यं हवीतच: परवानगी नाकारली तर टोकन पूर्ण परत, आणि परवानगी मिळेपर्यंत ताबा नाही.

मराठी घरांचे अर्ज परत येतात ते बरेचदा नावापायी. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं घरगुती नाव, कुठे "राव", कुठे "भाई", आधार कार्डावर तिसरंच. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं सोगंदनामं आधीच करून ठेवा. वारसाई नोंद झालेली नसेल तर पेढीनामा (वंशावळीचा कागद) करून ती आधी चढवा. पुण्यातल्या वारसाने नोटरीसमोर केलेलं मुखत्यारपत्र इथल्या नोंदणीला चालत नाही. तो जिथे राहतो तिथल्या सब-रजिस्ट्रारकडून ते प्रमाणित व्हावं लागतं.

दस्तावेज, पैसे आणि चार महिने

स्टँप ड्युटी ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. ड्युटी किंमत किंवा जंत्री (सरकारने ठरवलेला दर, आपला रेडी रेकनर) यांपैकी जे जास्त असेल त्यावर. पुरामुळे घर स्वस्त मिळालं तरी जंत्री खाली येत नाही. उलट १५ एप्रिल २०२३ पासून जमिनीची जंत्री दुप्पट, तर फ्लॅटची १.८ पट झाली. किंमत जंत्रीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्या फरकावर आयकर घेणाऱ्यालाही लागू शकतो. हे कुणी सांगत नाही, थेट नोटीस येते. नुकसान खरोखर मोठं असेल तर दस्तावेजाच्या आधी स्टँप ड्युटी मूल्यांकनाच्या नायब कलेक्टरकडे मसुदा आणि फोटो देऊन अभिप्राय मागता येतो.

घेणाऱ्या सगळ्या बायकाच असतील तर नोंदणी फी माफ. "कर्जासाठी" म्हणून नवऱ्याचं नाव घातलं की माफी गेली. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस घेणाऱ्याने कापून भरायचा.

मुदतीचा घोळ असा होतो: दस्तावेज नोंदणीला सादर करण्याचे चार महिने सही केल्याच्या तारखेपासून मोजतात, नोंदणीच्या अपॉइंटमेंटपासून नाही. परवानगी अडकली म्हणून घड्याळ थांबत नाही. पुढचे चार महिने दंडासह मिळू शकतात, पण दंड नोंदणी फीच्या दहा पटींपर्यंत जातो. त्यामुळे सगळ्या परवानग्या हातात आल्याशिवाय दस्तावेजावर सही नको.

नोंदणीनंतर इंडेक्स-२ घ्या, सिटी सर्व्हेत नाव चढवा, वेरा बिल (घरपट्टी) आणि वीजजोडणी नावावर करा. जुनी थकबाकी मात्र आधीच भरून घ्या, विकणारा नंतर फोन उचलत नाही. जुन्या मालकाची विमा पॉलिसी घराबरोबर येत नाही. "भारत गृह रक्षा" ही पॉलिसी बहुतेक सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. त्यात पूर धरलेला असतो, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानही आपोआप येतं. बँक काढून देते ती पॉलिसी पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याची असते, घराची नव्हे. कागदावर कोणाचा विमा लिहिलाय ते बघा आणि ताब्याच्या दिवसापासून घराची वेगळी घ्या.