पार्श्वभूमी: पिचरचा मागचा पाय आणि सॉफ्टबॉलच्या हौशी पंचांची शाळा

अमेरिकेतल्या शालेय सॉफ्टबॉलमध्ये २०२५ च्या मोसमापासून चेंडू टाकताना पिचरचे दोन्ही पाय एकाच वेळी हवेत गेले, तरी अवैध फेकीची खूण म्हणून पंचाचा डावा हात आडवा होत नाही. महाविद्यालयीन स्पर्धांनी ही मुभा एक मोसम आधी, २०२४ मध्येच दिली होती. पिचर मुलींची मोठी सोय झाली, अशीच याची चर्चा झाली. पंचांसाठी मात्र ते वर्षानुवर्षे चाललेले भांडण होते. ते समजून घ्यायचे, तर हे पंच कोण असतात, कुठे शिकतात आणि एकमेकांना कसे धरून राहतात, हे आधी पाहायला हवे.

खेळाचा जन्म १८८७ मध्ये शिकागोत, एका बंदिस्त सभागृहात झाला, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. पंचांच्या दृष्टीने खरे महत्त्वाचे वर्ष १९३३. तोवर प्रत्येक शहराचा चेंडू वेगळा, मैदान वेगळे, खेळाचे नावही वेगळे. कुठे किटन बॉल, कुठे डायमंड बॉल, कुठे मश बॉल. (शिकागोत आजही सोळा इंची चेंडू हातमोज्यांशिवाय खेळतात.) अशा काळात एका गावच्या पंचाचा शब्द त्या गावाच्या वेशीपर्यंतच चाले. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात देशभरातले संघ एकत्र खेळले, पुढच्या वर्षी संयुक्त नियम समिती बसली आणि सगळ्यांसाठी एकच पुस्तक तयार झाले. पंचाला शिकवता येईल असे काही हाती आले ते त्या पुस्तकामुळे.

मंदीच्या वर्षांत सरकारी कामांतून मैदाने उभी राहिली, त्यांवर दिवे लागले आणि कारखान्यांचे संघ संध्याकाळी खेळू लागले. पंच म्हणून उभे राहत ते याच वस्त्यांतले लोक. दिवसा नोकरी, संध्याकाळी मैदान. सामन्यामागे थोडे मानधन मिळे, आजही मिळते. त्यामुळे ‘हौशी पंच’ या शब्दाने गैरसमज होतो. हौशी असतो तो खेळ. पंचाला पैसे मिळतात, पण त्यावर त्याचे घर चालत नाही. नोकरीचा करार नाही, सुट्टीचा पगार नाही, आणि गुडघा दुखावला तर तो पुढचा महिना घरी.

दुसऱ्या महायुद्धानंतर उंच कमान करून टाकलेल्या चेंडूचा स्लोपिच प्रकार फोफावला आणि पंचांची एक अख्खी पिढी त्यावरच तयार झाली. मग शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा कायदा आला. शाळा-महाविद्यालयांत मुलींचे फास्टपिच (वेगवान फेकीच्या प्रकाराचे) संघ उभे राहू लागले आणि १९८२ पासून महाविद्यालयीन संघटनेच्या झेंड्याखाली मुलींचे राष्ट्रीय अजिंक्यपद सुरू झाले. पंच मात्र तेच होते. पुरुषांच्या स्लोपिचची सवय असलेला माणूस आता कॅचरच्या मागे वाकून, चाळीस-त्रेचाळीस फुटांवरून अर्ध्या सेकंदात येणारा चेंडू पाहू लागला. डोळा नव्याने घडवणे भाग होते, आणि प्रशिक्षणाची आजची पद्धत मुख्यतः त्या गरजेतून आली, असे मला वाटते.

ही पद्धत हिवाळ्यात सुरू होते. मैदाने बर्फाखाली असतात तेव्हा आठवड्यातून एका संध्याकाळी शाळेच्या वर्गात स्थानिक पंच जमतात. वर्गणी, नोंदणी, नवे नियमपुस्तक, आणि मग पुस्तक समोर ठेवून द्यायची परीक्षा. पुस्तक उघडे ठेवून परीक्षा कसली, असे कुणालाही वाटेल. पण ती पाठांतरासाठी नसतेच. कोणता नियम कुठे सापडतो आणि दोन नियम एकमेकांत कुठे अडकतात, हे बोटांना कळावे म्हणून ती असते. वसंताच्या तोंडावर व्यायामशाळेच्या लाकडी जमिनीवर चिकटपट्टीने बेस आखतात आणि नुसते उभे कसे राहायचे, हे शिकवायला सुरुवात होते.

उभे राहणे ही या कामातली निम्मी विद्या आहे. एकमेकांपासून साठ फुटांवरच्या बेसवर सगळे फार लवकर घडते, आणि पंच बहुधा दोनच, एक होम प्लेटमागे (जिथे बॅटर उभी राहते), दुसरा बेसवर. चेंडू इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपास, असेल तर बेस अंपायरने बेसच्या चौकोनाच्या बाहेरून पाहायचे, आउटफिल्डमध्ये, म्हणजे त्यापलीकडे, गेला तर आत शिरायचे. जवळ जाण्यापेक्षा कोन मिळवायचा. पाय थांबल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही. आधी चेंडू हातमोज्यात ठरला का ते पाहायचे, मग हात वर. नव्या माणसाचा हात नेहमी लवकर उठतो. त्याला शिकवणारे जुने पंच हे अगदी मनापासून आणि न कंटाळता सांगत राहतात. दहा वर्षांखालच्या मुलींच्या सामन्यात पहिल्यांदा उभा राहिलेला पंच संध्याकाळी घरी जातो, तो पुन्हा येईल की नाही, हे त्या दिवशीच्या जोडीदारावर ठरते.

जोडीदाराशी सामन्यापूर्वी पाच मिनिटांचे बोलणे ठरलेले. उडालेला चेंडू कुणाचा, तिसऱ्या बेसवर कोण जाणार, अर्धवट फिरवलेल्या बॅटबद्दल कुणाला विचारायचे, इनफिल्ड फ्लायची (सोप्या उंच झेलावर बॅटरला आपोआप बाद देण्याची) वेळ आली की एकमेकांना खूण कोणती. फिकट निळ्या शर्टामुळे खेळाडू पंचाला ‘ब्लू’ म्हणून हाक मारतात आणि त्या हाकेत नाव हरवते. आपल्या नावाने ओळखणारी माणसे पंचाला भेटतात ती सामन्यानंतर, वाहनतळावर. गाडीचे मागचे दार उघडे, पॅड काढून ठेवलेले, पाण्याच्या बाटल्या, आणि चौथ्या डावातल्या त्या एका निर्णयावर अर्धा तास चर्चा. शनिवार-रविवारच्या स्पर्धेत एका दिवशी पाच-सहा सामने उभे राहिल्यावरही ही माणसे लगेच घरी जात नाहीत. वर्गातल्याइतकेच शिक्षण तिथेही होते.

आता त्या पायाकडे येऊ. पिचर एक पाय आपल्या पायाखालच्या पिचिंग प्लेटवर रोवते, दुसरा पुढे टाकते, हात चक्रासारखा फिरवून कमरेखालून चेंडू सोडते. रोवलेला तो मागचा पाय, म्हणजे पिव्होट फूट, मुलींच्या आणि महिलांच्या खेळात जमिनीला घासतच पुढे आला पाहिजे, असा नियम होता. पाय जमिनीवरून सुटला की ‘लीप’. सुटलेला पाय पुढे पुन्हा टेकवला, तिथून नव्याने जोर घेतला आणि मग चेंडू सोडला, की ‘क्रो हॉप’. पहिल्या प्रकारात जोर प्लेटवरून एकदाच घेतला जातो. दुसऱ्यात दोनदा, आणि दुसरा जोर बॅटरच्या बराच जवळून. पुरुषांच्या खेळात लीपला बरीच आधीपासून मुभा आहे, क्रो हॉपला तिथेही नाही.

फरक असा स्पष्ट असूनही शब्दांचा गुंता कायम राहिला, कारण महिलांच्या खेळात दोन्हींचा निकाल एकच होता: अवैध पिच, म्हणजे बॅटरच्या खात्यात एक ‘बॉल’ (चुकीच्या फेकीची नोंद) आणि धावपटूंना पुढचा बेस. कुंपणाबाहेरचे पालक आणि बऱ्याचदा प्रशिक्षकही सरसकट ‘क्रो हॉप’ ओरडत. पंच प्रत्यक्षात पुकारत असे तो बहुधा लीप. मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो. आपले क्रीडाशिक्षक दोन्हींना ‘उडी मारली’ म्हणतात. लीपला झेप आणि क्रो हॉपला दुटप्पी उडी म्हटले, तर निदान वर्गात शिकवताना फरक राहील.

दरम्यान पिचिंग बदलले. खासगी प्रशिक्षक प्लेटवरून पूर्ण ताकदीने पुढे झेपावायला शिकवू लागले. इतक्या जोराने निघालेल्या शरीरामागे पायाचा अंगठा इंच-दोन इंच उचलला जाणारच. त्यात पिचिंग प्लेटपुढची माती खेळता खेळता खणली जाते. तिसऱ्या डावापर्यंत तिथे चांगला खड्डा पडतो आणि पाय खड्ड्यावरून तरंगत गेला तर तो उचलला की जमीनच खाली गेली, हे सांगता येत नाही. होम प्लेटमागच्या अंपायरचे डोळे चेंडू सुटण्याच्या जागेवर आणि स्ट्राइक झोनवर खिळलेले. पाय पाहायचा तो मुख्यतः बेस अंपायरने. बेस रिकामे असताना तो पहिल्या बेसमागे रेषेवर असतो आणि त्याला बाजूने दिसते. पण पहिल्या बेसवर धावपटू आली की तो दुसऱ्या बेसच्या बाजूला सरकतो, पिचरची पाठ पाहतो, आणि अंगठा व जमीन यांच्यातली फट त्याच्यापासून लपते. म्हणजे दंडाने धावपटूला फुकटचा बेस मिळण्याची वेळ यायची, तेव्हाच पंच सर्वांत वाईट जागी असायचा.

हे ठाऊक असूनही नियमपुस्तकातल्या ‘यंदा विशेष लक्ष’ या भागात अवैध पिच पुन्हा पुन्हा येत राहिली. शिबिरात सांगायचे: दिसले तर पुकारा. मोसमाच्या पहिल्या आठवड्यांत पंच पुकारत. एखाद्या सामन्यात डझनभर वेळा हात आडवा होई, बारा वर्षांची मुलगी रडकुंडीला येई, तिचे वडील कुंपणाला येऊन भिडत, प्रशिक्षक विचारी, ‘काल याच फेकीला दुसऱ्या पंचांनी काही म्हटलं नाही, मग आज का?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नव्हते. दुसरा पंच खरोखरच काही म्हणालेला नसे. कित्येक पंच दोन डावांच्या मध्ये प्रशिक्षकाला हळूच सांगत, तिचा पाय बघा. कागदावर ही कुचराई ठरेल. माझ्या मते तो शहाणपणा होता, आणि कितीतरी मुलींचे पिचिंग त्या हळू आवाजातल्या वाक्याने सुधारले.

मग दूरचित्रवाणी आली. महाविद्यालयीन सामने देशभर दिसू लागले आणि घरी बसलेल्याला संथ गतीत, मोठा करून, पिचरचा पाय दिसू लागला. पंचाला उघड्या डोळ्यांनी एका क्षणात जे पाहायचे होते, ते लाखो लोक थांबवून थांबवून पाहत होते. इथून दबाव वाढला. आधी दंड हलका झाला: बॅटरच्या खात्यात एक बॉल, पण धावपटूंना पुढचा बेस नाही. मग लीपच मोकळी झाली.

बदलाच्या बाजूची मंडळी म्हणत होती की झेपेने पिचरला सिद्ध करता येईल असा फायदा होत नाही आणि प्रत्येक मैदानावर वेगळा निकाल लागण्यापेक्षा नियम नको. विरोधकांचे म्हणणे, पिचर आणि होम प्लेटमधले त्रेचाळीस फूट हे अंतर कागदावरच राहते आणि आधीच वरचढ असलेल्या पिचरला आणखी बळ मिळते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला खुपते ते वेगळेच. चर्चेत पंचांच्या ‘तफावती’चा उल्लेख वारंवार झाला, पण तफावत कशाने आली ते फारसे कुणी विचारले नाही. मुलींच्या आठवडी सामन्यांना दोन पंच, कधी एकच. पाय पाहायला तिसरा माणूस उभा करायचा तर त्याचे मानधन हवे, त्याला शिकवायला वेळ हवा. ते झाले नाही. नियम पाळला गेला नाही याचा ठपका तेवढा निळ्या शर्टावर राहिला.

दुटप्पी उडी अजूनही अवैधच आहे. पाय पुन्हा टेकला का, आणि टेकल्यावर त्यातून जोर घेतला का, हे ठरवणे अंगठ्याखालची फट पाहण्यापेक्षा सोपे नाही.

आपल्याकडे याचा संबंध शालेय क्रीडा स्पर्धांतून येतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे सॉफ्टबॉल तिथे आहे, आणि पंच बहुतेक क्रीडाशिक्षकच. सकाळी स्वतःचा संघ घेऊन आलेले सर किंवा मॅडम दुपारी दुसऱ्या दोन शाळांच्या सामन्यात उभे राहतात. मुरमाच्या मैदानावर पिचिंग प्लेटपुढचा खड्डा लवकर आणि खोल पडतो. शिवाय दहावी-बारावीचे वाढीव गुण आणि सरकारी नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण या दोन्हींची वाट स्पर्धेच्या प्रमाणपत्रातून जाते, त्यामुळे इथल्या एका निर्णयाचे वजन अमेरिकेतल्या आठवडी सामन्याहून कितीतरी जड असते. एक-दोन दिवसांच्या पंच शिबिरात नियम सांगून होतात. उभे राहण्याचा सराव मात्र राहून जातो.

अमेरिकेत सध्या माणसेच कमी पडत आहेत. करोनाच्या आसपासच्या वर्षांत सगळे खेळ मिळून सुमारे ५०,००० शालेय पंचांनी काम सोडल्याचा अंदाज तिथे मांडला गेला. कारणांत मानधन येते, वय येते, पण सोडणाऱ्यांच्या तोंडी पहिला येतो तो पालकांचा आरडाओरडा. वीसहून अधिक राज्यांत पंचावरील हल्ल्यासाठी वेगळे कायदे आहेत. नव्या पंचाला आता पूर्वचरित्राची तपासणी, बालसुरक्षेचे प्रशिक्षण आणि डोक्याच्या दुखापतीची ओळख इतके पार करून मग मैदानावर जावे लागते. मुले सुरक्षित राहावीत म्हणून हे हवेच. पण हिवाळ्याच्या वर्गातला वेळ तेवढाच राहिल्याने बेस आखून चालण्या-थांबण्याचा सराव आक्रसला आहे.

२०२८ च्या ऑलिंपिकचे सॉफ्टबॉल लॉस एंजेलिसऐवजी ओक्लाहोमा सिटीत होणार आहे आणि त्या निमित्ताने पंच भरतीच्या मोहिमा निघतील अशी आशा जुने लोक बाळगून आहेत. हिवाळ्याच्या वर्गांत पिचरचा पाय आता नव्या तऱ्हेने शिकवतात: अंगठा सोडून द्या, दुसरा जोर शोधा. ज्यांनी वीस-वीस वर्षे अंगठा पाहिला, त्यांची नजर अजून आपोआप तिथेच जाते. डावा हात निम्मा उठतो आणि ते तो खाली घेतात.