रोटरी क्लबात नवा सदस्य घेताना: पात्रता, कागद आणि नोंद

रोटरीत यायचं तर आतल्या एखाद्या सदस्याने आपलं नाव सुचवावं लागतं. रोटरीच्या संकेतस्थळावरूनही इच्छा कळवता येते, पण ती शेवटी जवळच्या क्लबाकडेच येते आणि निर्णय क्लबच घेतो. कोकणातल्या तालुक्याच्या गावांत क्लब लहान, सगळे एकमेकांना ओळखणारे. त्यामुळे सगळं काम ओळखीवर उरकतं आणि कागद मागे राहतात. मग जुलैत रोटरीचं बिल आलं की कळतं, ऑक्टोबरात वाजतगाजत पिन लावलेले दोघे नोंदीतच नाहीत आणि बदली होऊन गेलेले तिघे अजून यादीत आहेत. त्या तिघांचे पैसे क्लबालाच भरावे लागतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले क्लब डिस्ट्रिक्ट ३१७० मध्ये येतात, रायगडातले ३१३१ मध्ये. (डिस्ट्रिक्ट म्हणजे रोटरीने पाडलेला क्लबांचा विभाग, सरकारी जिल्हा नव्हे.) डिस्ट्रिक्टची वर्गणी आणि प्रशिक्षणाच्या तारखा वेगवेगळ्या असतात, सदस्य घेण्याची मूळ पद्धत मात्र दोन्हीकडे एकच.

कोण येऊ शकतं

अट थोडक्यात अशी: सज्ञान व्यक्ती, चारित्र्य चांगलं, आपल्या धंद्यात, व्यवसायात किंवा गावात नाव चांगलं, आणि सेवेची तयारी. शिक्षणाची किंवा उत्पन्नाची अट नाही. डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांच्याबरोबर आंबा बागायतदार, मासळीचा व्यापारी, होमस्टे चालवणाऱ्या बाई, निवृत्त शिक्षक, हे सगळे बसतात. नोकरी-धंदा न करता गावच्या कामात असलेली व्यक्तीही चालते. स्त्रियांना रोटरीचं दार १९८९ पासून उघडं आहे. लिंग, वंश, धर्म किंवा लैंगिकता यांवरून नाव नाकारता येत नाही. ‘आमचा क्लब आधीपासून पुरुषांचाच आहे’ हे कारण नियमात बसत नाही.

प्रत्येक सदस्याचं व्यवसायानुसार वर्गीकरण होतं. एकाच धंद्याची माणसं भरली की क्लब त्या धंद्याची संघटना होऊन बसतो, म्हणून समतोल पाहायचा. सदस्यत्व समितीने वर्षाच्या सुरुवातीलाच गावातल्या व्यवसायांची यादी काढावी आणि त्यातला कुठला व्यवसाय क्लबात नाही ते पाहावं. बंदराच्या गावातल्या क्लबात मासेमारीशी संबंधित एकही माणूस नसेल, तर ती उणीव त्या यादीतच दिसते.

मुंबईत राहणाऱ्या आणि गावी ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांबद्दल नेहमी विचारलं जातं. क्लबाच्या हद्दीतच राहायला किंवा काम करायला हवं, ही अट रोटरीने क्लबांना २०१६ पासून सैल करू दिली आहे आणि ऑनलाइन सभाही चालतात. तरी बोर्डाने, म्हणजे क्लबाच्या संचालक मंडळाने, आधी स्पष्ट विचारावं: गणपती आणि शिमगा सोडून वर्षातून किती वेळा येणं होईल? उत्तर गुळमुळीत असेल तर त्यांना प्रकल्पाचे देणगीदार म्हणून जोडणं बरं.

एकाच वेळी दोन रोटरी क्लबांचं सक्रिय सदस्यत्व घेता येत नाही. मानद सदस्याला वर्गणी नसते, मताचा अधिकार नसतो आणि पदही घेता येत नाही. सरकारी कर्मचारी सदस्य होणार असतील तर कार्यालयाला लेखी कळवून ठेवावं, आणि त्यांच्या हाती पावतीपुस्तक देऊ नये. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार वर्गणी किंवा देणगी गोळा करायला त्यांना पूर्वपरवानगी लागते.

नाव सुचवण्यापासून बोर्डापर्यंत

प्रस्तावक हा क्लबाचा चालू सदस्य असावा. प्रस्ताव सचिवाकडे लेखी द्यायचा. रोटरीच्या नमुना उपविधींप्रमाणे (उपविधी म्हणजे क्लबाचे अंतर्गत नियम) बोर्डाने ३० दिवसांत निर्णय घेऊन प्रस्तावकाला कळवायचं असतं. जुन्या नमुन्यात नाव सदस्यांना कळवून लेखी हरकतीसाठी सात दिवस ठेवायची पद्धत होती. कित्येक क्लब अजून तीच पाळतात. आपल्या क्लबाच्या उपविधीत काय लिहिलंय ते फाइल उघडून पाहावं. दोन्ही पद्धती चालतात, पण एकाच वर्षात एका नावाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावली की भांडण ठरलेलं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. बोर्डाचा निर्णय व्हायच्या आत प्रस्तावक त्या माणसाला सांगून मोकळा होतो, ‘तुमचं झालंच समजा’. लहान गावात ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत पोचते, दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर अभिनंदन सुरू होतं. त्यानंतर बोर्डात कुणी रास्त हरकत घेतली तर दोनच वाटा उरतात: हरकत गिळायची, नाहीतर त्या माणसाला गावात तोंड लपवायला लावायचं. म्हणून निर्णय होईपर्यंत नाव बोर्डाच्या खोलीबाहेर जाऊ द्यायचं नाही. पाहुणे म्हणून सभेला बोलवायला हरकत नाही, पण पाहुण्याची ओळख ‘आपले होणारे सदस्य’ अशी करून द्यायची नाही.

पाहुण्याला कुठे बोलवायचं यालाही महत्त्व आहे. बऱ्याच क्लबांची सवय जेवणाच्या सभेला बोलवायची. त्यापेक्षा एखाद्या कामावर बोलवावं. पाऊस संपल्यावर वनराई बंधारा घालायचा असतो, रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून त्या ओढ्यात रचायच्या असतात. दोन तास तिथे उभा राहणारा माणूस पुढेही टिकतो. सभा दोन-तीन दाखवल्या, एखादं काम दाखवलं, की माणसाचाही निर्णय होतो. वर्गणी किती आणि वेळ किती द्यावा लागेल, हे प्रस्तावकाने याच टप्प्यावर सांगून टाकावं.

बोर्डाच्या इतिवृत्तात प्रस्तावकाचं नाव, उमेदवाराचं पूर्ण नाव, वर्गीकरण आणि ठराव, अशा चारही गोष्टी लिहाव्यात. नकार दिला असेल तर कारणांचा पाल्हाळ इतिवृत्तात नको.

फॉर्म आणि कागद

बोर्डाच्या मंजुरीनंतर सदस्यत्वाचा फॉर्म भरून घ्यायचा. त्यावर उमेदवार आणि प्रस्तावक अशा दोघांच्या सह्या हव्यात. सोबत ओळखपत्राची प्रत, दोन फोटो, जन्मतारीख, घरचा आणि कामाचा पत्ता, मोबाइल, ईमेल आणि रक्तगट घ्यावा. रक्तगट रोटरीला लागत नाही, क्लबाला लागतो. रात्री जिल्हा रुग्णालयातून फोन आला की हीच यादी कामी येते. पॅन सदस्यत्वासाठी सक्तीचं नाही. क्लबाच्या ट्रस्टला देणगी देऊन ८०जी ची (देणगीवरची आयकर) सवलत घ्यायची असेल तरच ते लागतं.

ईमेलबाबत फार गोंधळ होतो. ‘माय रोटरी’ या प्रणालीत एका माणसाला एकच स्वतंत्र ईमेल लागतो. दुकानाचा सामाईक ईमेल, मुलाचा ईमेल, किंवा सचिवाने आपलाच ईमेल चौघांना लावणं, यातलं काहीही केलं की त्या सदस्याचं खातं उघडत नाही. ईमेल नसेल तर फॉर्म भरतानाच तिथल्या तिथे मोबाइलवर काढून द्यावा आणि पासवर्ड सदस्याच्याच वहीत लिहून द्यावा.

नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे ठेवावं. सावंत, वाडकर अशी आडनावं इंग्रजीत दोन-दोन तऱ्हांनी लिहिली जातात. प्रमाणपत्रावर एक आणि नोंदीत दुसरं असं झालं की पुढे शोधताना माणूस सापडत नाही. उमेदवार पूर्वी कुठल्याही रोटरी क्लबात होता का, हे विचारायलाच हवं. असेल तर त्याचा जुना सदस्य क्रमांक घ्यायचा. नवा क्रमांक काढला की मागची वर्षं तुटतात. त्याचा तोटा पुढे होतो: वय आणि सदस्यत्वाची वर्षं मिळून ८५ किंवा जास्त भरली आणि सदस्यत्व किमान २० वर्षांचं असलं, तर उपस्थितीतून सूट मागता येते. तुटलेली वर्षं त्या हिशेबात दाखवायची तर जुने कागद शोधत बसावं लागतं.

पैसे

वर्गणीचे तीन थर असतात. पहिला रोटरी इंटरनॅशनलचा: २०२५-२६ साठी दर सदस्यामागे ८२ डॉलर, जुलै आणि जानेवारी अशा दोन हप्त्यांत ४१-४१. रुपयांतला दर रोटरी दर महिन्याला ठरवते, म्हणून खजिनदाराने वर्षाचा अंदाज करताना थोडा वाव ठेवावा. दुसरा थर डिस्ट्रिक्टचा. तिसरा क्लबाचा स्वतःचा, म्हणजे हॉलचं भाडं, चहा, पत्रव्यवहार. प्रवेश शुल्क घ्यायचं की नाही ते क्लब ठरवतो, रोटरीची सक्ती नाही. ‘रोटरी न्यूज’ हे मासिक भारतातल्या सदस्यांना घ्यावं लागतं. एकाच घरातले दोघे सदस्य असतील तर मिळून एक अंक घेता येतो.

नवा सदस्य सहामाहीच्या मध्ये आला तर रोटरीची वर्गणी महिन्यांच्या प्रमाणात लागते आणि पुढच्या बिलात येते. त्यामुळे मार्चमध्ये आलेल्या माणसाकडून पूर्ण वर्षाची रक्कम घेऊ नये. मंजुरीच्या आधी एक रुपयाही घेऊ नये. पावती क्लबाच्या नावाची द्यावी, ट्रस्टच्या नावाची नव्हे. वर्गणी ही देणगी नसते, तिच्यावर ८०जी मागणाऱ्याला तिथेच नाही म्हणावं.

इंडक्शन

इंडक्शन म्हणजे नव्या सदस्याला सभेत रीतसर सामील करून घेणं. त्यातल्या शपथेचा मजकूर रोटरीने ठरवून दिलेला नाही. प्रत्येक क्लबाची आपली परंपरा. प्रस्तावकाने दोन मिनिटांत ओळख करून द्यावी, अध्यक्षाने जबाबदारी सांगावी, चतुःसूत्री कसोटी, म्हणजे आपलं बोलणं-वागणं तपासायचे रोटरीचे चार प्रश्न, वाचून दाखवावी (ती हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये लिहिली, रोटरीने १९४३ मध्ये स्वीकारली), पिन लावावी, प्रमाणपत्र द्यावं. जोडीदाराला बोलवावं, कारण रविवार सकाळ जाणार ती घरातलीच. आपल्याकडच्या उकाड्यात कोट कुणी घालत नाही; सुईची पिन साडीला किंवा पातळ कुडत्याला लावताना धागा ओढला जातो आणि अध्यक्ष व्यासपीठावर अडकून पडतात. लोहचुंबकाची पिन मागवावी. मात्र छातीत पेसमेकर असलेल्या सदस्याला ती लावू नये.

महिना निवडताना गावाचं वेळापत्रक पाहावं. एप्रिल-मे मध्ये बागायतदार पेट्यांत अडकलेले, जून-जुलैत लावणीची धांदल, भाद्रपदात गणपती. दसरा-दिवाळीच्या आसपासचे दिवस बरे. नवा माणूस १ जानेवारीच्या आत नीट नोंदवलाही जातो.

नोंद

इंडक्शन झालं की सचिवाने ३० दिवसांच्या आत ‘माय रोटरी’वर सदस्य नोंदवायचा. यात प्रवेशाची तारीख, वर्गीकरण आणि प्रस्तावकाचं नाव भरायचं. काम दहा मिनिटांचं, पण ‘सगळे मिळून एकदम टाकू’ म्हणून राहून जातं. रोटरीचं बिल १ जुलै आणि १ जानेवारीच्या सदस्यसंख्येवर निघतं. गेलेल्यांची नावं त्या तारखांच्या आधी काढली नाहीत तर नंतर बिल कमी होत नाही. म्हणून जून आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी एकत्र बसून यादी वाचावी. नावं मोठ्याने वाचली की गाळायची कोणती ते लगेच कळतं.

क्लबाने उपविधीत वेगळं ठरवलं नसेल तर प्रत्येक सहामाहीत निम्म्या सभांना हजेरी लागते. शिवाय आपल्याच क्लबाच्या सभांपैकी निदान ३० टक्के सभांना हजर राहावं लागतं. लागोपाठ चार सभा चुकल्या आणि बोर्डाला कारण पटलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. वर्गणी मुदतीनंतर ३० दिवस थकली की सचिवाने लेखी नोटीस द्यायची, आणि नोटिशीपासून दहा दिवसांत भरली नाही तर बोर्ड सदस्यत्व संपवू शकतं. फोनवर आठवण केली, ही नोटीस होत नाही.

किनाऱ्यावरचं एखादं गाव तालुक्यापासून लांब असेल आणि तिथे आठ माणसं तयार असतील, तर वेगळ्या क्लबासाठी लागणारे वीस जण जमेपर्यंत सॅटेलाइट क्लब, म्हणजे मूळ क्लबाचीच वेगळी भेटणारी शाखा, काढता येतो. ते आठही जण मूळ क्लबाचे सदस्य मानले जातात, म्हणून वरचे सगळे कागद त्यांनाही लागू.

ट्रस्ट वेगळा, क्लब वेगळा

क्लबाने धर्मादाय नोंदणी असलेला ट्रस्ट काढला असेल तर क्लबाचा नवा सदस्य आपोआप विश्वस्त होत नाही. मात्र क्लबाचा अध्यक्ष पदसिद्ध विश्वस्त असल्याचं ट्रस्टच्या दस्तात असेल, तर दर १ जुलैला विश्वस्त बदलतो आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो सहायक धर्मादाय आयुक्तांकडे जातो. सोबत सभेची नोटीस, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्ताचं संमतीपत्र, जुन्याचा राजीनामा किंवा मुदत संपल्याचा ठराव आणि प्रतिज्ञापत्र लागतं. हे वर्षानुवर्षं राहिलं की एकदम पाच-सहा अर्ज विलंबमाफीसह द्यावे लागतात, आणि तोवर बँक सह्या बदलून देत नाही.

बदली होऊन जाणारे

बँक अधिकारी, प्राध्यापक, सरकारी डॉक्टर, यांच्या बदल्या होत राहतात. जाताना सचिवाकडून बाकी नसल्याचं पत्र घ्यावं आणि सोडल्याची तारीख नोंदीत टाकून घ्यावी. नव्या गावच्या क्लबाने ते पत्र मागायचं असतं. बाकी असताना दुसऱ्या क्लबाने घेतलं तर दोन्ही क्लबांच्या सचिवांचा पत्रव्यवहार महिनोन्‌महिने चालतो, आणि सदस्य मधल्या मध्ये लटकतो.