टुंड्रातील हिमाच्छादनाचे मोजमाप : पार्श्वभूमी

टुंड्रात वर्षातील आठ-नऊ महिने जमीन बर्फाखाली असते, परंतु वारा हा बर्फ उघड्या माळावरून उडवून खोलगट जागी आणि झुडपांच्या आडोशाला साठवतो, त्यामुळे थोड्याशा अंतरातही जाडी दहा सेंटिमीटरवरून मीटरभर होते. जुन्या पाहण्या ठरावीक मार्गांवर पोकळ नळी खुपसून आणि आतला बर्फ तोलून होत असत. येथे वरचा थर वाऱ्याने घट्ट झालेला, तर तळाचा थर मोठ्या स्फटिकांचा आणि भुसभुशीत असतो. नळी वर काढताना तो गळून पडला की वजन कमी भरते.

उपग्रहचित्रांवरून साप्ताहिक हिमनकाशे 1966 पासून तयार होऊ लागले. विश्लेषक डोळ्यांनी पाहून सुमारे 190 किलोमीटरच्या प्रत्येक चौकटीचा निर्णय देत : निम्मी किंवा अधिक झाकलेली असेल तर बर्फ, नाहीतर मोकळी जमीन. तुकड्यातुकड्यांनी वितळणाऱ्या टुंड्राला हा नियम फारच ढोबळ होता. 1997 मध्ये 24 किलोमीटरचे दैनिक नकाशे आले, 1999 मध्ये जुनी पद्धत थांबली आणि मालिका अखंड राहावी म्हणून नवे नकाशे जुन्या चौकटींत बसवण्यात आले. खरा वाद याच निर्णयाचा आहे. या मालिकेत युरेशियातील ऑक्टोबरचे आच्छादन वाढताना दिसते, इतर स्रोतांत ती वाढ आढळत नाही. बर्फाऐवजी नकाशे काढण्याची पद्धतच बदलली असावी, हा आक्षेप वजनदार आहे. दोन्ही पद्धती समांतर चालल्या त्या जेमतेम दोन वर्षे, आणि इतक्या मोलाच्या नोंदीसाठी तो काळ अपुराच म्हणावा लागेल. जूनमधील घट मात्र इतर स्रोतांतही स्पष्ट दिसते.

ध्रुवीय रात्रीत आणि ढगांखाली दृश्य प्रकाश निरुपयोगी ठरतो, म्हणून 1978 पासून जमिनीतून आपोआप निघणाऱ्या सूक्ष्मलहरींचा (मायक्रोवेव्ह) आधार घेतला गेला. 19 आणि 37 गिगाहर्ट्झवरील प्रारणातील फरकावरून बर्फातील पाणी, म्हणजे तो वितळल्यास किती पाणी होईल ते, अजमावण्याचे सूत्र टुंड्रात डळमळते, कारण गोठलेली असंख्य तळी आणि तळाचे मोठे स्फटिक या दोन्ही गोष्टी संकेत बिघडवतात. ही त्रुटी तपासण्यासाठीच पठार, उतार, तळे आणि नाला यांची स्वतंत्र मोजणी करणाऱ्या क्षेत्रपाहण्या आखल्या गेल्या. अलीकडे ड्रोन आणि लेझरमुळे जाडीचे बारकाईने नकाशे मिळतात, परंतु घनतेसाठी आजही बर्फात खड्डा खणून थरागणिक वजन करावे लागते.